वाचणारा मी, सांगणारी ती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचला.

कालची दुपार होती. सगुणा, म्हणजे माझी बायको, भिंतीला टेकून बसली होती. खोकला जरा दमला होता. डॉक्टरांनी दिलेली बाटली तिनं माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "वाचा."

बाटलीवर सगळं इंग्रजीत छापलेलं. मी चष्मा लावला आणि वाचलं. पोथी वाचावी तसं, एका लयीत, कुठं न अडता. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"अडला न्हाईसा," ती म्हणाली.

"आता तू सांग."

"सांगायचं काय त्यात? ह्या औषदानं जरा बरं वाटंल, पर बरं हुणार न्हाय, असं लिवलंय."

"तुला काय इंग्रजी कळतंय गं?"

"आन तुमाला कळतंय व्हय?"

खोटं नव्हतं. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, अर्थ लागत नाही. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण अर्थ ती बेधडक सांगायची. आमच्या घरातली ही जुनी रीत. मी वाचायचं, तिनं सांगायचं. मग तिनं एक घोट औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि "निजते जरा" म्हणाली. दिवस कलायच्या आत सगळं संपलं. गल्लीतली माणसं आली, त्यांनीच पुढचं केलं. मी नुसता बरोबर चाललो.

उचगावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून ह्या तंबाखूच्या गावात आलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहितोय. मराठी चौथी शिकलेला माणूस आहे मी. चुका होतील, त्या मोजू नका. एकदा माझं वाचणं-लिहिणं भाग पाडून मोजलं गेलं आणि त्यापायी आमचं गाव सुटलं. ते कसं, ते आता सांगायला हरकत नाही. हसणारी गेली.

उचगावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची, ते जुन्या माणसांना आठवत असेल. वाचणारा एक आणि सांगणारा दुसरा. वाचणाऱ्यानं ओवी वाचायची आणि गप्प व्हायचं. मग सांगणाऱ्यानं तिचा अर्थ लोकांना फोडून सांगायचा. वाचणाऱ्याला गळा लागतो आणि सांगणाऱ्याला डोकं, असं गावात म्हणायचे. मी वाचायचो आणि शेजारी बसून गुरवअण्णा सांगायचे. मी काय वाचतोय ते मला कळतंय का, असं कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यात गुरवअण्णांचा अपमान झाला असता.

जर्मनची पहिली लढाई सुरू झाली आणि बेळगावच्या छावणीत माणसं भरती व्हायला लागली. धान्याच्या गोदामावर एक माणूस पाहिजे होता. पोत्यांवर आणि खोक्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असायचं. ते वाचून कुठला माल कुठं ठेवायचा, हे हमालांना सांगायचं, एवढंच काम. पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. घरचं रान दोघा भावांना पुरण्यासारखं नव्हतं. धाकट्या दत्तूचं लग्न ठरत होतं. मी परीक्षेत पास झालो तर सकाळी चालत बेळगावला जायचं आणि दिवे लागायला परत घरी यायचं. नापास झालो तर निपाणीला तंबाखूच्या वखारीत. आमच्या एका सोयऱ्यानं तिथं शब्द टाकून ठेवला होता. सगुणाला निपाणी नको होती. तिचं माहेर दोन शेतं ओलांडून होतं.

शहापुरात एक मास्तर अशा परीक्षांना माणसं तयार करायचे. शिकवताना पान खायचे आणि रागावले की कानडीत बोलायचे. मला अक्षरं लवकर आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी परीक्षेचे मार्क कसे देतात ते समजावलं. परीक्षेचे भाग तीन. एक, पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायचा. दोन, साहेब सांगेल ते ऐकून लिहायचं. तीन, वाचलेलं सांगायचं, आणि ते आपल्या भाषेत सांगितलं तरी चालतं. वाचताना जिथं अडाल तिथं मार्क कापणार. लिहिताना जिथं चुकाल तिथं कापणार.

"आन सांगताना?" मी विचारलं.

"सांगताना काय कापायचंय? सांगितलं की झालं," मास्तर म्हणाले आणि पिचकारी टाकायला उठले.

हे मी घरी येऊन सगुणाला सांगितलं. तिनं त्यातलं एकच धरलं. अडायचं नाही.

पहाटे ती जात्यावर बसली की मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. जातं फिरतंय तोवर मी वाचायचं. मी अडलो की ती जातं थांबवायची. बोलायची नाही, नुसतं थांबवायची. पलीकडून आई विचारायची, "काय गं, पीठ झालं?" ही ओरडायची, "न्हाय आत्ती, ह्यांची गाडी रुतलीया." मला लाज वाटायची आणि मी पुढचा शब्द कसातरी उच्चारून मोकळा व्हायचो. हळूहळू जातं थांबेनासं झालं. इंग्रजीला ओवीची चाल लागली. बाहेरून जाणारे उभे राहून ऐकायचे. दत्तू म्हणायचा, "अण्णा, साहेब उठून फुगडी घालतोय बग."

तिसऱ्या भागाचं आम्ही दोघांनीही काही केलं नाही. त्याची आठवण झाली, नाही असं नाही. एकदा ती म्हणाली, "त्ये सांगायचं म्हणत्यात, त्ये कोण सांगणार?" मी म्हणालो, "असंल की त्यांचा माणूस." आणि विषय संपला. वाचणाऱ्यानंच सांगायचं असतं, हे आमच्या डोक्यात येणार कुठून? तसं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी टेबलामागं एक गोरा साहेब आणि त्याच्या बाजूला आपल्यातला एक हेडक्लार्क, डोक्याला पगडी. मला बरंच वाटलं. म्हणालो, हाच सांगणारा.

साहेबानं पुस्तक उघडून दिलं. मी मांडी घालणारच होतो, पण खुर्ची पुढं केली म्हणून खुर्चीवर बसलो. आणि वाचलं. कुठं अडलो नाही. साहेब आधी खाली बघत होता, त्यानं मान वर केली. शेवटच्या ओळीला तर त्याचं बोट टेबलावर ताल धरत होतं. मी वाचून संपवलं, पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि हेडक्लार्ककडं वळून हात जोडून बसलो.

साहेब काहीतरी बोलला. हेडक्लार्क म्हणाले, "सांग."

मी हात आणखी नीट जोडले.

"अरे सांग, काय वाचलंस?"

"तुमी सांगा की," मी म्हणालो.

"मी काय सांगू?"

"अर्थ. मी वाचलं न्हवं? आता तुमी सांगायचं."

हेडक्लार्क माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांना कळलं. कुठल्याशा देवळात तेही बसले असणार. पगडी सारखी करायच्या निमित्तानं त्यांनी हसू लपवलं आणि साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेब मोठ्यानं हसला. वाईट हसला नाही. मला वाटलं, पास.

संध्याकाळी हेडक्लार्क बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन बोलले. भला माणूस. "वाचण्यात आज तुझ्या वरचढ कुणी नाही," म्हणाले. "लिहिण्यात काठावर निघालास. सांगण्यात भोपळा."

"मग वाचण्यातलं थोडं तिकडं घाला की," मी म्हणालो. "जादा हाय न्हवं?"

"तसं घालता येत नाही. तिन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं."

"पर बेरीज केली तर?"

"बेरीज कोण विचारतंय? एका भागात पडला की सगळ्यात पडला."

मी बराच वेळ त्यांच्याशी वाद घातला. शेतात एका कोपऱ्यात पीक बुडालं म्हणून कुणी सगळं रान बुडालं म्हणतं का, असंही विचारलं. ते म्हणाले, "बाबा, हा नियम मी केलेला नाही." आणि टांग्यात बसून गेले.

घरी आलो तेव्हा सगुणा दारातच होती. सगळं सांगितलं. ती आधी हसली. इतकी हसली की आई बाहेर आली. मग म्हणाली, "वाचलेलं आठवतंय का? म्हणा बगू."

मला पाठ झालं होतं. म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. "हॉर्स हॉर्स करतंय न्हवं त्यात? छावणीत दूध घालाय गेलते तवा साहेबाचा नोकर घोड्याला तसं म्हणत हुता. घोड्याची गोष्ट हाय ती. घोडा पळाला असंल, न्हायतर मेला असंल. दुसरं काय लिवणार घोड्यावर?"

"मग तूच जायचं हुतंस परीक्षेला."

"मला अक्षर कुठं येतंय?" ती म्हणाली. मग तिचं हसू गेलं. माहेरच्या शेताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आता निपाणी."

निघालो त्या दिवशी आईनं भाकरी बांधून दिल्या आणि गाडीच्या चाकाला हात लावून म्हणाली, "दोन येळचं नीट खावा. आन जमंल तवा परत या." दत्तू वेशीपर्यंत आला. सगुणानं मागं वळून पाहिलं नाही. संकेश्वर मागं पडल्यावर रस्त्याला तंबाखूचा वास यायला लागला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ह्यो वास कायमचा का?" मी म्हणालो, "थोडं दिवस." थोडं दिवस म्हणता म्हणता म्हातारपण आलं.

वखारीत मी पोती लावली, उचलली, शिवली. ती इतर बायकांबरोबर तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधायची, तरी धूळ आत जायचीच. मूल आम्हाला झालं नाही. संध्याकाळी घरी आलो की अंगाला तोच वास. उचगावच्या घरात भाताच्या पेंढ्याचा वास असायचा. पहिली काही वर्षं मी उगाच तो आठवून बघायचो. आता आठवायला गेलो तरी येत नाही. नाक ह्या गावाचं झालं.

पण मी वाचायचं आणि तिनं सांगायचं, हे मात्र इथंच खरं सुरू झालं. वखारीत पेट्या यायच्या त्यांच्यावरचं इंग्रजी मी घरी येऊन म्हणून दाखवायचो आणि ती अर्थ सांगायची. निम्मा खोटा. हसायला बरं पडायचं. माणसांच्या बोलण्याचं मात्र तसं नव्हतं. तिथं ती चुकायची नाही. एकदा गावाकडनं बाजाराला आलेला माणूस निरोप घेऊन आला. "आई बरी हाय. काळजी करू नका. काम सोडून येऊ नका, म्हणलीया." मी ऐकलं आणि बरं वाटून जेवायला बसलो. सगुणानं ताट वाढलंच नाही.

"उठा," म्हणाली.

"आगं, बरी हाय म्हणालाय न्हवं तो?"

"कवा तरी 'येऊ नका' म्हणल्यात का त्या? 'कवा येतासा' हेच इचारत्यात. उठा, निगायचं."

आम्ही गेलो. आई जिवंत सापडली, दोन दिवसांनी गेली. मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि मनात तोच विचार, हिनं सांगितलं नसतं तर मी भात खात बसलो असतो. परीक्षेत मला भोपळा दिला तो बरोबर दिला. मला ऐकू येतं, म्हणता येतं, पण त्यातून काय निघतं ते कळत नाही. माझ्या वाट्याचं कळणं तिच्याकडं होतं.

परवा उचगावचा एक जण भेटला. आता बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि कचेरीत जातो. त्याचा पोरगा मॅट्रिकला बसला होता. म्हणाला, "काका, सगळ्यात पास, इंग्रजीत नापास. म्हंजे नापासच." मी म्हणालो, "अजून तसंच का?" म्हणाला, "तसंच." आता साहेब जाणार म्हणतात. रोज कुणीतरी नवी बातमी आणतं. साहेब गेला तरी भाग पाडून मोजायची ही रीत राहीलच. मला त्याचं काही वाटेनासं झालंय. कंटाळा आलाय, एवढंच.

आई गेल्यावर परत जायचं बोलणं आमच्या घरात कमी झालं. मी कधीतरी काढायचो. सगुणा आधी "बगू" म्हणायची. मग म्हणायला लागली, "तितं आता कोण हाय माझं? माहेरची माणसं पांगली. हितं आडावर भांडायला चौघीजणी तरी हायत्या." आडावरच्या भांडणात तिचा हात कुणी धरायचं नाही. समोरच्या घरात काशव्वा राहते, विड्या वळते. तिचं आणि हिचं कधी पटलं नाही. एकमेकींना कानडीत आणि मराठीत शिव्या द्यायच्या, दोघींनाही दोन्ही कळायचं. काल सगुणाला आंघोळ घातली ती काशव्वानंच. कुणाला हात लावू दिला नाही.

आज सकाळी दत्तू आला. निरोप पोचल्यावर पहिल्या मोटारीनं निघाला असणार. धोतर धुळीनं भरलेलं, दाढी वाढलेली. तोही आता म्हातारा. माझ्या गळ्यात पडून रडला. मग पडवीत बसलो. तो म्हणाला,

"अण्णा, चल गावाकडं. तुझी खोली झाडून ठेवाय सांगितलीया. चार दिवस ऱ्हा."

ऐकलं मी. आणि सवयीनं भिंतीकडं मान वळवली. तिथं कुणी नव्हतं.

मग माझं मलाच सांगावं लागलं. एकेक शब्द घेऊन बसलो. खोली झाडायला सांगितली, म्हणजे खोलीत आता दुसरं कुणीतरी राहतं. त्याचा थोरला पोरगा असेल, त्याचं लग्न झालंय. त्याला चार दिवस बाहेर निजवणार. चार दिवस म्हणजे चार दिवस. दत्तू वाईट नाही. प्रेमानं आलाय, खरं रडलाय, न्यायचंही त्याच्या मनात आहे. पण त्याचं घर भरलेलं आहे, आणि ते त्याला तोंडानं म्हणता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं. मला ते कळलं. कळलं याचाच जास्त त्रास झाला.

"बस," मी त्याला म्हणालो. "पाणी आणतो."

घरात घागर रिकामी होती. ती घेऊन मी आडावर गेलो. बायका होत्या, मला बघून सगळ्या बाजूला सरल्या. मी म्हणालो, "सरू नका. माझी पाळी आली की भरतो."

काशव्वा पोहरा तसाच सोडून पुढं आली.

"आप्पा, सुतकात आडाला हात लावतासा? येवढं वय झालं, कळत न्हाय? आणा ती हिकडं."

"पाळी कुणाची हाय?"

"पाळी!" ती म्हणाली. "तुमच्या बायकूनं कवा पाळी धरली हुती हो ह्या आडावर? जलमभर मदीच घुसली."

कुणीतरी हसलं. मग काशव्वाच रडायला लागली आणि रडतच पाणी ओढायला लागली. घागर भरून तिनं माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाली, "सांजच्याला भाकरी मी आणती. त्यो पावना कोण हाय? ऱ्हाणार हाय का जाणार?"

"भाऊ हाय. दुपारच्या मोटारीनं जाणार," मी म्हणालो.

"आन तुमी?"

"मी हितंच हाय की."

घरी येऊन दत्तूला पाणी दिलं. तो घटाघट प्याला. मग मी त्याच्याजवळ बसून दुपारची मोटार कुठून सुटते ते त्याला नीट समजावून सांगितलं.